गॉगलचिकित्सक

गॉगलचिकित्सक हा माणसाचा एक हंगामी प्रकार आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात दरवर्षी ऑगस्टअखेरीस ‘बर्निंग मॅन’ नावाचा उत्सव भरतो. तिथल्या धुळीत डोळ्यांवर कोणता गॉगल चढवावा, या एकाच प्रश्नाचा जो वसंतापासून अभ्यास करतो आणि उत्सव संपेपर्यंत ज्याचे उत्तर ठरत नाही, तो गॉगलचिकित्सक होय. शिक्षण भरपूर, पगार बरा आणि नजर बहुधा अधू, ही त्याची ठळक लक्षणे. तंबू, सायकल, पाणी आणि आठवड्याचे खाणे यांचा निर्णय तो एका संध्याकाळी उरकतो. गॉगलला मात्र अख्खा उन्हाळा पुरत नाही.

त्याला समजून घ्यायचे तर आधी ती जमीन समजून घ्यावी लागते. हा उत्सव १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर सुरू झाला. लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी काही मित्रांच्या साक्षीने लाकडाचा एक मनुष्याकृती पुतळा किनाऱ्यावर जाळला. समुद्राकाठी गॉगलचा प्रश्न नव्हता. १९९० साली पोलिसांनी किनाऱ्यावर पुतळा जाळू दिला नाही, म्हणून मंडळींनी तो वाळवंटात नेला. गॉगलचिकित्सकाचा इतिहास तिथून सुरू होतो.

या वाळवंटात वाळूच्या टेकड्या नाहीत. हिमयुगात वायव्य नेवाडाच्या मोठ्या भागावर लाहोन्टन नावाचे सरोवर पसरले होते. ते आटले आणि मागे पांढरट गाळाचे सपाट मैदान उरले. उत्सवाला येणारे लोक त्याला ‘प्लाया’ म्हणतात. हा गाळ मैद्याहून बारीक आणि अल्कधर्मी आहे. अनवाणी फिरणाऱ्यांच्या पायांना त्याने भेगा पडतात, आग होते. त्यावर पाण्यात व्हिनेगर घालून पाय धुण्याचा उपाय आहे. डोळ्यांत व्हिनेगर घालता येत नाही, म्हणून गॉगल.

मैदान किती सपाट, तर १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीन याने ‘थ्रस्ट एसएससी’ ही गाडी इथे ताशी सुमारे १,२२८ किलोमीटर वेगाने हाकून जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडला. उत्सवाच्या दिवसांत त्याच मैदानावर गाडीला ताशी पाच मैलांची, म्हणजे साधारण आठ किलोमीटरची मर्यादा असते. त्याहून जोरात गेल्यास धूळ उडते. मर्यादा पाळूनही ती उडतेच. सत्तर हजारांच्या आसपास माणसे, त्यांच्या सायकली आणि दुपारचा वारा एवढे तिला पुरते. वादळ उठले की हातभर अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो. याला ‘व्हाइटआउट’ म्हणतात. ते दहा मिनिटांत विरते किंवा दोन तास चालते.

गॉगलचिकित्सकाचा जीवनक्रम तिकिटापासून सुरू होतो. तिकिटाची किंमत अलीकडे पाचशे डॉलरच्या वर गेली आहे. ते पैसे तो डोळे मिटून भरतो. डोळे उघडतात ते वीस डॉलरच्या गॉगलपाशी. तो तक्ता मांडतो. त्यात फोमची जाडी, हवेची छिद्रे, काचेची छटा, पट्ट्याची रुंदी, वजन आणि किंमत असे रकाने असतात. अमेरिकेत संरक्षक चष्म्यांसाठी ‘झेड ८७.१’ हे मानक आहे आणि त्यात धुळीसाठी ‘डी४’, तर बारीक धुळीसाठी ‘डी५’ अशा खुणा आहेत, हे त्याला मे महिन्यापर्यंत तोंडपाठ होते. पॉलिकार्बोनेटची काच बिनरंगाची असली तरी अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते, हेही तो भेटेल त्याला सांगतो. तक्त्यात अगदी उजवीकडे एक रकाना असतो, त्याला मथळा नसतो. तो गॉगल चेहऱ्यावर कसा दिसतो, याचे गुण त्यात लिहिलेले असतात. निकाल त्या रकान्यावर लागतो.

याचे कारण उत्सवाच्या तत्त्वज्ञानात आहे. लॅरी हार्वी यांनी २००४ साली उत्सवाची दहा तत्त्वे लिहून काढली. त्यांत टोकाचे स्वावलंबन हे एक तत्त्व आहे आणि टोकाचा आत्माविष्कार हे दुसरे. बाकीच्या सामानात ही दोन्ही तत्त्वे गुण्यागोविंदाने नांदतात. पाण्याच्या पिंपाकडे कोणी आत्माविष्कार मागत नाही आणि मोरपंखी झग्याकडे कोणी स्वावलंबन मागत नाही. गॉगल तेवढा दोघांच्या तावडीत सापडतो. एकाला त्याच्याकडून डोळे वाचवून हवे असतात, दुसऱ्याला फोटो चांगला यायला हवा असतो. या भांडणात कोण किती झुकते, त्यावरून गॉगलचिकित्सकाच्या पुढील पोटजाती पडतात.

पहिली पोटजात वेल्डिंगवाल्यांची. पितळी कड्या, गोल काळ्या काचा, चामड्याचा पट्टा आणि शक्य असल्यास कडेने खिळे. ‘मॅड मॅक्स’ चित्रपटाने या जातीच्या मनावर खोल परिणाम केलेला असतो. फोटो उत्तम येतो. मात्र वेल्डिंगची गडद काच ठिणगीकडे पाहण्यासाठी बनवलेली असते, अंगावर येणारी सायकल पाहण्यासाठी नाही. पितळ उन्हात तापते, बाजूचे काही दिसत नाही आणि कडेला फोम नसल्यामुळे धूळ सरळ आत शिरते. वेल्डिंगवाला पहिल्या दिवशी दुपारनंतर गॉगल टोपीवर चढवतो. तो पुढे तिथेच राहतो.

दुसरी पोटजात स्कीवाल्यांची. हे मुळात काटकसरी. लेक टाहोला बर्फात घसरण्यासाठी घेतलेला गॉगल घरात पडून असतो, तोच न्यावा, असे त्यांचे म्हणणे. ते निम्मे बरोबर आहे. काच रुंद, आत चांगला फोम, आणि काही गॉगल चष्म्यावरूनही बसतात. उरलेले निम्मे वरच्या बाजूच्या छिद्रांत आहे. त्यांवरचा विरळ फोम हिमकण अडवण्यापुरता असतो. प्लायाची धूळ त्यातून सहज पाझरते. काच आरशासारखी चकाकणारी असेल, तर सूर्य मावळल्यावर तिचा उपयोग दुसऱ्यांना केस विंचरण्यापुरता.

तिसरी पोटजात मोटोक्रॉसवाल्यांची. धूळ-चिखलात मोटारसायकल उडवणाऱ्यांचा हा गॉगल, फोम तिहेरी, पट्टा घट्ट. धुळीचा विचार करता ही निवड पक्की आहे. अडचण एवढीच, की शर्यतीतले गडी काचेवर पातळ फिल्मचे थर लावतात आणि वरचा थर मळला की फाडून वाऱ्यावर सोडतात. बर्निंग मॅनमध्ये जमिनीवर माग न ठेवण्याचे तत्त्व इतके कडक आहे, की उत्सवानंतर माणसे रांगा करून मैदान विंचरतात आणि चमकीचा तुकडाही वेचून नेतात. त्यामुळे हा गडी फाडलेली फिल्म खिशात घालतो. आठवड्याअखेर त्याचा खिसा त्याच्या पिशवीपेक्षा जड असतो.

चौथी पोटजात लष्करवाल्यांची. यांचा गॉगल उडते छर्रे अडवतो. उत्सवात छर्रे उडत नाहीत, हे मान्य करून ते पुन्हा छर्ऱ्यांवर येतात. गॉगल मात्र चांगला असतो. तो चेहऱ्याला नीट बसतो, आणि दिवसा गडद, रात्री स्वच्छ अशा काचा बदलता येतात. बदललेली काच तंबूत नेमकी कुठे ठेवली, हे त्यांना आठवत नाही.

पाचवी पोटजात पोहणाऱ्यांची. पोहण्याच्या गॉगलमध्ये पाण्याचा थेंब शिरत नाही, मग धूळ कशी शिरेल, असा यांचा बिनतोड युक्तिवाद. धूळ खरोखर शिरत नाही. आतली दमट हवाही बाहेर पडत नाही, त्यामुळे थोड्या वेळात समोर धुके दाटते. हा इसम पाण्याचा टिपूस नसलेल्या तळ्यात, पोहायच्या तयारीने, चाचपडत हिंडताना आढळतो.

सहावी पोटजात दुर्मीळ आहे. ती प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा गॉगल वापरते. हवेची छिद्रे थेट समोर न उघडता आडवळणाने झाकलेली, काच स्वच्छ, चष्म्यावरून बसतो आणि दोन बर्गर खाण्यापेक्षा स्वस्त. दोष एकच आहे. तो घातल्यावर माणूस रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर दिसतो. म्हणून बहुसंख्य चिकित्सक हा गॉगल घेतात, पण ‘जास्तीचा’ म्हणून, आणि बॅगेच्या तळाशी ठेवतात.

कॅलिफोर्नियातल्या संगणक व्यवसायाचा या उत्सवाशी जुना घरोबा आहे. ३० ऑगस्ट १९९८ रोजी गूगलच्या नावामागे झळकलेले पहिले विशेष चित्र बर्निंग मॅनच्या पुतळ्याचे होते; संस्थापक तिकडे गेल्याची ती सूचना होती. या घरोब्यातूनच फ्रीमाँट-सनीवेल पट्ट्यातला मराठी अभियंता गॉगलचिकित्सकांत भरती होतो. त्याचा चष्मा शाळेपासूनचा. कॉन्टॅक्ट लेन्स लावावी, तर बारीक धूळ तिच्याखाली जाऊन डोळा चुरचुरतो. त्यामुळे चष्म्यावरून बसणारा गॉगल किंवा नंबराची काच घातलेला गॉगल, असा त्याचा प्रश्न दुप्पट होतो. तो व्हिडिओ कॉलवर पुण्याला मांडला असता आई म्हणते, “काय रे, पाचशे डॉलर भरून धूळ खायला चाललास? इकडे ये की, आपल्या रस्त्याचं काम अजून चालूच आहे.” मागून ताई येते. सनकोट, चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ आणि डोळ्यांवर गॉगल, अशी ती स्कूटरची किल्ली शोधत असते. तिने तो गॉगल पाच मिनिटांत, घासाघीस करून, रस्त्यावर घेतलेला असतो. चिकित्सक तिला ‘डी५’ची खूण आहे का, असे विचारतो. ताई किल्ली घेऊन निघून जाते.

जुलैत चाचण्या होतात. न्हाणीघरात गरम पाणी सोडून काचेवर वाफ धरते का, ते पाहिले जाते. टाल्कम पावडर उडवून तिच्यावर हेअर ड्रायर रोखला जातो आणि घरातली इतर माणसे बाहेर फिरायला जातात. या चाचण्यांतून एक खरी गोष्ट कळते. गॉगलवर धुके बहुतेक वेळा तोंडावरच्या मास्कमुळे धरते. श्वास नाकाच्या बाजूने वर येतो आणि थेट काचेखाली जातो. एन-९५ मास्कची नाकावरची पट्टी नीट दाबून बसवली, की निम्मे काम होते. काच टी-शर्टने कोरडी पुसू नये, हेही याच सुमारास कळते. पॉलिकार्बोनेट मजबूत असले तरी त्यावर लगेच चरे पडतात, आणि आतल्या बाजूचा धुके अडवणारा थर घासल्याने निघून जातो. आधी पाण्याने धूळ वाहू द्यायची, मग टिपून घ्यायचे. हे सारे तो नीट लिहून काढतो आणि वाळवंटात पोचल्यावर टी-शर्टने पुसतो.

प्रत्यक्ष मैदानावर त्याचे वर्तन ठरलेले असते. पहिले वादळ येते तेव्हा गॉगल तंबूत असतो आणि चिकित्सक तंबूपासून दोन किलोमीटरवर एखाद्या कलाकृतीखाली. दुसऱ्या वादळाला गॉगल कपाळावर असतो. कपाळावर उलटा चढवलेला गॉगल तासाभरात घाम आणि धूळ साठवून ठेवतो, आणि डोळ्यांवर ओढताच तो साठा एकदम डोळ्यांत रिकामा करतो. तिसऱ्या वादळापर्यंत तो गळ्यात अडकवायला शिकतो. रात्री वेगळाच धडा मिळतो. गडद काचेतून दिवे न लावलेल्या सायकली दिसत नाहीत, आणि गडद काच काढली तर डोळ्यांत धूळ जाते.

या उत्सवात पैशाने बर्फाखेरीज फारसे काही विकत मिळत नाही. बाकी सगळा कारभार परतफेड न मागता दिलेल्या भेटींवर चालतो. विसरलेला गॉगल तिथे कुठल्याही दुकानात मिळणार नाही. इथे गॉगलचिकित्सकाचे सामाजिक महत्त्व आहे. निर्णय न झाल्यामुळे त्याने पाच-सहा गॉगल आणलेले असतात. गॉगलशिवाय आलेल्या बेफिकीर शेजाऱ्याला तो त्यांतला सर्वांत कुरूप, म्हणजे प्रयोगशाळेचा, मोठ्या मनाने देऊन टाकतो. शेजाऱ्याला आठवडाभर सगळे स्वच्छ दिसते.

या जातीला एकच नैसर्गिक शत्रू आहे, तो म्हणजे पाऊस. २०२३ साली उत्सवाच्या अखेरीस पाऊस पडला, मैदानाचा चिकट चिखल झाला, फाटके बंद झाली आणि हजारो माणसे अडकून पडली. लोक बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून फिरू लागले. अशा वेळी बॅगेत सहा गॉगल आणि गमबूट शून्य, ही स्थिती या जातीला शोभण्यासारखीच म्हणावी लागेल.

अभ्यासाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. फोम चेहऱ्याला सर्व बाजूंनी टेकला पाहिजे. छिद्रे झाकलेली हवीत. चष्मा असल्यास गॉगल त्यावरून बसला पाहिजे. रात्रीसाठी स्वच्छ काच हवी, दिवसासाठी हवी तर दुसरी रंगीत. सोबत डोळे धुण्यासाठी कृत्रिम अश्रूंची बाटली ठेवावी, आणि गॉगल कायम गळ्यात असावा, कारण वादळ तंबूपर्यंत जायला वेळ देत नाही. एवढे सगळे गुण हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानातल्या साध्या गॉगलमध्ये असतात. गॉगलचिकित्सकाला हे मे महिन्यातच ठाऊक झालेले असते.