टोप्या मोजून परत कराव्यात

तो मेल आला. पगारवाढीच्या मेलचा भरवसा नसतो, हा मात्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हटकून येतो. २४ तारखेला दुपारी ठीक चार वाजता सर्वांनी नाताळच्या फोटोसाठी पॅन्ट्रीबाहेरच्या झाडापाशी जमायचं आहे. अंगात लाल काहीतरी हवं. टोपी ऑफिसतर्फे मिळेल. फोटो झाल्यावर टोपी ॲडमिनकडे परत करायची आहे. आणि सगळ्यात खाली, जाड ठशात: टोप्या मोजून घेतल्या जातील.

आम्हाला हे शेवटचं वाक्य फार आवडलं. वरचं सगळं, म्हणजे आनंद, एकोपा, 'आपण एक कुटुंब आहोत' वगैरे, कुठल्याही कंपनीच्या मेलातून उचलून कुठल्याही कंपनीच्या मेलात चिकटवता येतं. टोप्या मोजण्याची कल्पना मात्र अस्सल आहे. ती ज्याला सुचली त्याची कधीतरी एक टोपी गेली आहे.

गेलीच आहे. हा मेल निघतो त्या मालाडच्या काचेच्या इमारतीत, त्या मजल्यावर, माणसं दोनशेच्या वर आणि टोप्या साठ. बजेट साठांचंच पास झालं. त्यामुळे फोटो तुकड्यातुकड्यांनी निघतो: पहिल्या साठांनी हसायचं, टोप्या उतरवायच्या, पुढच्या साठांच्या डोक्यावर चढवायच्या. खोबरेल, हेअर डाय आणि कोंडा यांची विभागवार देवाणघेवाण होते. कुटुंब म्हणतात ते हेच. टोपीच्या आत मार्करनं नंबर आहे, बाहेर पांढरा गोंडा आहे, आणि या दोहोंची नोंद रजिस्टरात आहे. गोंड्याला वेगळा रकाना आहे.

गेल्या वर्षी सदतीस नंबरची टोपी परत आली नाही. चार चाळीसला हे लक्षात आलं, चार पंचेचाळीसला तिकीट उघडलं गेलं, पाच वाजता कॉल लागला. कॉलवर ॲडमिन, सिक्युरिटी, एचआर आणि डेटाबेसचा एक मुलगा होता. तो का होता हे त्यालाही कळलं नाही, पण बोलावलं की यायचं असतं. सीसीटीव्ही बघितला गेला. फुटेजमध्ये साठ डोकी दिसली आणि एकही ओळखू येईना, कारण साठही डोक्यांवर टोप्या होत्या. मग गेटवर बॅगा उघडायला सुरुवात झाली. बॅगांतून डबे निघाले, डबेही उघडले गेले. एका बाईंच्या डब्यात लालभडक काहीतरी दिसलं म्हणून सिक्युरिटीवाला वॉकीटॉकीवर ओरडला. ती बीटाची कोशिंबीर निघाली. साडेपाचला अखेर टोपीचा पत्ता लागला. ती व्हाइस प्रेसिडेंटसाहेबांच्या डोक्यावर होती आणि साहेब ती घालूनच क्लायंटसमोर बसले होते. आता त्यांच्याकडे मागणार कोण? तिकिटावर 'रिझॉल्व्ड' असा शेरा पडला. पण प्रकरण इतक्यावर मिटत नसतं. दुसऱ्या दिवशी आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा शोध, झाला. मूळ कारण: प्रक्रियेचं पालन न होणे. प्रतिबंधक उपाय: टोप्या मोजून घेणे. जबाबदार व्यक्ती: ॲडमिनमधला सगळ्यात कमी पगाराचा माणूस.

तक्रार नोंदवण्यापासून निकालापर्यंत पाऊण तास. हा वेग ध्यानात ठेवा.

त्याच मजल्यावर वसईचा एक मुलगा बसतो. टीममध्ये ख्रिस्ती तो एकटा. म्हणजे ज्याच्या घरी खरोखर नाताळ असतो असाही तो एकटाच. २४ आणि २५ तारखेच्या रजेचा त्याचा अर्ज पोर्टलवर नोव्हेंबरपासून 'पेंडिंग' आहे. त्याचा नोव्हेंबर अजून संपायचा आहे.

बाकी त्याला कुणी विसरलेलं नाही. सजावट समितीत त्याचं नाव त्याला न विचारता घातलंय. रिसेप्शनवर गव्हाणी त्यानंच केली. गवत वसईहून लोकलनं आणलं आणि ते 'पेस्ट कंट्रोलच्या दृष्टीनं आक्षेपार्ह' ठरल्यावर कागदाचं कापून लावलं. 'तुमच्यात वाइन घरी बनवतात ना रे?' हा प्रश्न त्याला दिवसातून तीनदा येतो. फोटोत तो पुढच्या रांगेत मधोमध हवा, असा वरून निरोप आहे. फोटोखाली 'विविधता' असं लिहायचं असल्यामुळे ती फोटोत दिसलेली बरी.

मॅनेजरशी त्याचं बोलणं झालं ते असं:

"सर, ती माझी २४ ची लीव्ह..."

"हो रे, बघतो. क्रिटिकल विंडो आहे."

"दिवाळीत चारही रात्री मीच केल्या, सर. तुम्हीच म्हणालात, ख्रिसमसला तुला सोडू."

"म्हणालो ना, नाही कुठे म्हणतोय? पण आता बॅकअप कोण देणार? सगळे गोव्याला चाललेत."

"..."

"बरं, केक आणतोयस ना? घरचा आण हं, विकतचा नको."

आता ही क्रिटिकल विंडो काय चीज आहे ते बघू. क्लायंट लंडनचा. तिकडे २५ ला नाताळ, २६ ला बॉक्सिंग डे, दोन्ही दिवस बँक हॉलिडे. त्यांच्या मेलला यंत्र उत्तर देतं की साहेब जानेवारीत भेटतील. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून चेंज फ्रीझ. म्हणजे चालू यंत्रणेत कुणीही काडीचाही बदल करायचा नाही असा खुद्द क्लायंटचा हुकूम. थोडक्यात, रात्री नऊ ते सकाळी सहा, सहा जण कशालाही हात न लावण्यासाठी मालाडला येऊन बसतात. हात न लावण्याचं काम घरून करता येतं, झोपून करता येतं, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला आईशेजारी उभं राहून तर फारच उत्तम करता येतं. मान्य, सर्व्हर रात्री-अपरात्री पडतो. पण तो पुन्हा उठायला वसईचाच हात लागतो असं थोडंच आहे? गोव्याला निघालेल्यांपैकी एकाला थांबवता आलं असतं. पण त्यांची तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत. याच्या सणाला तिकीट नाही, हीच त्याची चूक.

आणि इथे आमचं जुनं दुखणं वर येतं. ज्या दिवशी टोपीचा मेल आला, त्याच दिवशी एचआरचा दुसराही आला: शिल्लक रजा ३१ डिसेंबरला लॅप्स होतील, कृपया वेळेत नियोजन करा. नियोजन करा म्हणजे काय करा? वर्षभर अर्ज केला की 'रिलीज आहे', मार्चमध्ये 'इयर एंड आहे', जूनमध्ये 'अप्रेझल आहे', दिवाळीत 'सगळ्यांनाच हवीय' आणि डिसेंबरात 'नियोजन करा'. हा निर्लज्जपणा आहे. आधी रजा द्यायची नाही, मग न घेतल्याचा दंड म्हणून ती काढून घ्यायची. वर त्याला पॉलिसी म्हणायचं आणि पीडीएफ करून पाठवायचं. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. तो लागू झाला तोही ऐन डिसेंबरात. त्यानुसार वर्षाअखेर बुडतात त्या फक्त आठ किरकोळ रजा. कमावलेली रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्षारंभाआधी आपसात ठरवायच्या. आपसात! हे ठरवण्याच्या बैठकीला गेलेला माणूस कुणाला भेटला असेल तर त्याच्या पाया पडावं म्हणतो. मॅनेजर लोकांना हा कायदा लागू होत नाही, आणि हल्ली पंचविशीतल्या पोराच्याही हुद्द्यात कुठेतरी 'मॅनेजर' का असतं याचा उलगडा आम्हाला कायदा वाचताना झाला. त्याच्या हाताखाली कुणी नसतं. फक्त टोपी असते, तीही परत द्यायची.

लिहिता लिहिता बातमी आली की अर्जाचा निकाल लागला. काल रात्री साडेअकराला पोर्टलवर स्थिती बदलली. रिजेक्टेड. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'बिझनेस रिक्वायरमेंट. मेरी ख्रिसमस!' पुढे हसरा चेहरा, त्याच्या डोक्यावर लाल टोपी.

त्यानं केक नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.