गवतवाले सर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीच्या शिवारात गवताबद्दल कोणी चांगलं बोललेलं ऐकिवात नाही. पावसाळाभर कपाशीत डवरे चालतात, बाया निंदायला जातात. हराळी आणि कुंदा उपटता उपटता माणसाची कंबर मोडते, गवताची नाही. अशा गावांत एखादा तरी गृहस्थ निघतोच, जो पैसे मोजून गवत आणतो आणि थंडीत त्याला पांघरूण घालतो. बहुधा तो निवृत्त शिक्षक. मुलगा हैदराबादला, आणि त्याच्या सोसायटीच्या फाटकाशी फाउंटन गवताचे तुरे डुलताना सरांनी पाहिलेले.

डिसेंबर लागला की सरांचा जीव वरखाली होतो. आदिलाबाद हा तेलंगणातल्या सर्वांत थंड जिल्ह्यांपैकी एक. पारा १०च्या खाली उतरल्याची बातमी आली, की सर स्वतःची कानटोपी शोधायच्या आधी सुतळी शोधतात. पाती गोळा करून बांधायची, वर बारदाना, त्यावर वीट.

"अहो, तुरीला पोती पुरत नाहीत आणि तुम्ही गवताला नेसवत बसलात!" घरातून आवाज येतो.

सरांचं ज्ञान मात्र पक्कं. जांभळी जात तेवढी नाजूक. बाकीचं गवत थंडीत पिवळं पडतं ते मेलं म्हणून नव्हे, निजलं म्हणून. वाळकी पातीच बुडख्याला ऊब देतात, त्यामुळे फेब्रुवारीत कोंब दिसेपर्यंत विळा लावायचा नाही. पाणी बेताचं, नाहीतर बुडखा सडतो. झाकण रात्रीपुरतं; ऊन आलं की काढायचं. हे सगळं ते चहा पाजून ऐकवतात. अडचण एवढीच, की कडाक्याच्या थंडीत सरांनाच दहाशिवाय अंथरूण सोडवत नाही. तोवर गवत बारदान्यात घामाघूम.

आणि खरा शत्रू थंडी नव्हेच. शेजारची शेळी वीट पाडून आधी बारदाना चाखते, मग तुरे. तिला गवतातली जात कळते. बांधावरचं सोडून ती इथेच येते.

संध्याकाळी कापूस वेचून परतणाऱ्या बाया फाटकाशी थांबतात. "काहून सर, इतकं माजू देलं? सांगतलं असतं तर उपटून देलं असतं."

सर दुखावतात आणि एका रोपाची किंमत सांगतात. बाया एकमेकींकडे बघतात, काही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांतली एक डोक्यावर वाळक्या कुंद्याचा भारा घेऊन दारात हजर. "सर, हे त्याच्याहून उंच हाय. काय भाव देता?"