मुसकं

आबांनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या बाजारात घेतली नाही. बैल तर नाहीच नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी खोंडासमोर ते अर्धा दिवस उकिडवे बसत. दात बघत, खूर बघत, भोवरा कुठं पडलाय ते बघत. मग 'चालवून दाव' म्हणत, चालवून झालं की 'जुंपून दाव' म्हणत, आणि शेवटी टॉवेलाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून असा भाव सांगत, की तो टॉवेल झटकून उठून जाई. पुढच्या बाजारी तोच स्वतःहून टॉवेल पसरी. माकणीत त्यांना 'पारखी' म्हणतात ते यामुळं. जावईही त्यांनी असाच निवडला. चालवून बघितला; जुंपून बघायचं तेवढं राहिलं, ही त्यांची तक्रार अजून आहे.

हल्ली गावात पारखण्यासारखं फारसं उरलेलं नाही. नांगरट ट्रॅक्टर करतो, आणि ट्रॅक्टरला दात नसतात. शेवटची जोडी विकल्यापासून आबा ओट्यावर बसून असतात, तोंड उघडं टाकून. हे तोंड मी तरी कधी मिटलेलं पाहिलं नाही. बोलण्यासाठी उघडं, आणि बोलणं संपलं की श्वासासाठी उघडं. तरुणपणी एका मारक्या खोंडानं शिंग फिरवलं, नाकाचं हाड वाकलं आणि डावी नाकपुडी कायमची चोंदली. उरलेल्या एका नाकपुडीवर एवढा देह ओढायचा म्हणजे एका बैलावर तिफण चालवायची. म्हणून सगळा कारभार तोंडानं.

घोरणंही तोंडानंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर आमच्या भागातली माणसं कित्येक महिने भिंतीखाली झोपायला धजली नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं पाठी टेकल्या आणि आबांचं घोरणं सार्वजनिक झालं. जमिनीतून गूढ आवाज आला म्हणून आमच्याकडं लोक अजूनही अधूनमधून घराबाहेर पळतात. त्या दिवसांत आवाज आला की कुणीतरी आधी आबांकडं बघून यायचं. आबा झोपलेले असले तर बाकीचे परत आडवे होत.

काकीला आवाजाची भीती नव्हती, आवाज बंद पडण्याची होती. "मोट अडकल्यावानी अडकतंय," ती म्हणायची, "मग एकदम उसळतंय." 2022 साली बप्पी लाहिरी गेले आणि झोपेत श्वास अडण्याच्या या विकाराचं नाव टीव्हीवर आलं. काकीनं लगेच मला फोन केला. "त्या साखळ्यावाल्याला जे हुतं तेच ह्यांला हाय. सोनं तेवढं न्हाई."

लातूरला एक रात्र अंगभर वायरी चिकटवून आबांची झोप मोजली. तासाला 43 वेळा श्वास अडतो, असं निघालं. 30 च्या वर गेलं की तीव्र, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आबांनी माझ्याकडं बघितलं ते पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते. त्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी उशाशी ठेवायचं एक यंत्र सांगितलं. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते ती वाट उघडी धरतं, एवढंच काम. कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरनं 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात असं पहिलं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर चालवलं, हेही मी सांगून बसलो. सांगायला नको होतं. "म्हंजी केर काढायचं मशीन माझ्या नरड्यात?"

त्यातून हा दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. आबांना 12 सेंटिमीटर लिहून दिलं. आता, ज्याच्या गावात निम्न तेरणेचं धरण आहे त्याला 12 सेंटिमीटर पाणी सांगायचं म्हणजे अपमानच. "म्हशीचं ढोपर भिजत न्हाई तेवढ्यात," आबा म्हणाले, "आन् मी कसा तरंगतो?"

यंत्राचे मास्क विकणारा पोरगा चार नमुने घेऊन माकणीला आला आणि कित्येक वर्षांनी आबांच्या ओट्यावर बाजार भरला. शेजारी जमले. आबा उकिडवे बसले. पोरग्यानं पहिला काढला तो नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन मऊ बोंड्यांचा. "ही वेसण," आबा म्हणाले आणि बाजूला ठेवली. एक नाकपुडी बंद असलेल्या जनावराला वेसण घालून उपयोग नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुसरा नुसत्या नाकावर बसणारा, तिकोनी. डॉक्टरांचा सल्ला आधी हा वापरून बघायचा होता. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या पुष्कळांचं तोंड घशाची वाट मोकळी झाली की आपोआप मिटतं म्हणे. शिवाय मास्क जेवढा लहान तेवढा गळायला कमी. आबांनी आठवडाभर तो बोलीवर ठेवून घेतला. पण त्याची खालची कड बसते वरच्या ओठावर, आणि आबांच्या वरच्या ओठावर चाळीस वर्षं जोपासलेली मिशी आहे. त्या झुपक्यातून हवा अशी शिट्टी घालायची, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहत. पोरगा म्हणाला, मिशी थोडी कमी केली तर? त्यावर आबा जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

शिट्टी चालली असती, पण तोंड काही मिटेना. हवा नाकानं आत जायची आणि तोंडानं बाहेर यायची. यंत्राला पाण्याचं भांडं आहे, हवा ओलसर करायला. ते रात्रभर उशाशी भरलेलं, आणि सकाळी आबांची जीभ पापडासारखी. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण माकणीत आम्ही इतक्यांदा ऐकली आहे, की आता तिचं हसूही येत नाही. त्या सकाळी मात्र काकी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

तिसरा मास्क नव्हताच, हनवटी वर बांधायचा पट्टा होता. आबांनी तो डोक्यावरून घेतला, हनवटीखालून आवळला आणि आडवे झाले. काकीनं एक नजर टाकली आणि जवळजवळ किंचाळली. "सोडा आदी ते! मेलेल्या माणसाची हनवटी बांदतेत तसली." विषय संपला.

राहिला चौथा. नाक-तोंड दोन्ही झाकणारा, मागून पट्ट्यांचं जाळं. ओट्यावर कुणीतरी म्हणालं, "मुसकं की ओ आबा!" आणि आबांचा चेहरा उतरला. मोरकी त्यांना चालली असती. कोळप्याला धरलेल्या बैलानं पीक खाऊ नये म्हणून मुसकं असतं. "मी काय कुणाचं पीक खातो?"

"तीस वरसं रातभर डोस्कं खाताव की आमचं," काकी आतून म्हणाली.

पण पारखीची हाडं गप्प बसत नाहीत. मुसकं हातात आलं तसं ते फिरवून, दाबून, उजेडात धरून बघणं सुरू झालं. पोरगा म्हणाला, बसून घालून उपयोग नाही; आडवे व्हा, यंत्र चालू करा, मग बघा, कारण झोपल्यावर गालांचा आकार बदलतो. आबांना तो पोरगा त्या क्षणी आवडला. जुंपून बघा म्हणणारा विकणारा त्यांना पहिल्यांदा भेटत होता. पट्टे फार आवळले की उलट जास्त गळतं, असं तो पुढं म्हणाला तेव्हा मात्र "मोरकी बांदायला मला शिकवतुस?" झालंच. आणि मग तो शोध लागला. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कची कड वरच्या ओठावर टेकतच नाही. गालावर आणि हनवटीवर टेकते. मिशी आत, सगळीच्या सगळी. दोन आकडे तेवढे आत मुडपायचे.

"ह्ये बगा," आबा आतून म्हणाले. मुसक्यातून ते विहिरीतून बोलल्यासारखं आलं. पांढरं डोकं, पांढरे कल्ले, मध्ये काळा चेहरा. देवणीत अशा रंगाच्या बैलाला वानेरा म्हणतात. हे ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कुणी नाही. भाव टॉवेलाखाली झाला. पोरग्याला बोटांची भाषा येत नव्हती, त्यामुळं त्यानं किती कमी केले हे त्याला लातूरला पोचल्यावर कळलं असणार.

त्याला आता दोन वर्षं झाली. खंडेनवमीला काकी यंत्राला हळदकुंकू लावते. रात्री लाइट गेली की आबा उठून मुसकं काढतात आणि वीज मंडळाला शिव्या देतात, तेवढा आवाज शेजाऱ्यांना अजून येतो. परवा मी गेलो तर ओट्यासमोर परगावचा एक जाडजूड गृहस्थ हातात रिपोर्ट घेऊन उभा. आबांनी रिपोर्ट उघडलासुद्धा नाही. "तोंड मिटा," ते म्हणाले, "आन् त्या पारापातुर चालून या."

माणूस गेला. पाराला वळसा घालून परत येईतो त्याचं तोंड उघडलं होतं.

"मुसकं," आबा म्हणाले.