हिरव्या टिकचा महिमा

टेम्पर्ड ग्लास बसवून झाली की दिंडोरीतला मोबाइलवाला हल्ली फोन लगेच हातात देत नाही. ‘अँटिव्हायरस टाकून देऊ का दादा?’ असं विचारतो आणि दादांनी मान हलवायच्या आत टाकतोही. मग पडद्यावर ढाल येते, ढालीभोवती काहीतरी गोल गोल फिरतं, आकडा शंभरावर पोचतो आणि हिरवी टिक उमटते. फोन सुरक्षित! ही टिक दिली कोणी? त्याच अ‍ॅपने. कशाच्या आधारावर? ते त्यालाच ठाऊक. हे अ‍ॅप खरंच काही शोधतं का, असं तिथे विचारणं म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेत भटजींची पदवी विचारण्यासारखं.

नुसत्या टिकवर धंदा चालतो, याचा पुरावा आहे. २०१४ साली अँड्रॉइडच्या अधिकृत बाजारात असंच एक अ‍ॅप विकायला आलं, सुमारे चार डॉलरला. दहा हजारांहून जास्त गिऱ्हाइकं मिळाली. मग कोणीतरी त्याचा कोड उघडून बघितला, तर आत एकच काम लिहिलेलं: बोट लावलं की ढालीवरची फुली जाऊन टिक यावी. व्हायरस शोधण्याची भानगडच नाही. फसवणूक खरीच, पण गिऱ्हाइकाला टिक हवी होती आणि टिक मिळाली.

हा अपवाद म्हणावा, तर २०१९चा निकाल आड येतो. युरोपातल्या एका स्वतंत्र प्रयोगशाळेने २५० अँटिव्हायरस अ‍ॅप घेतली आणि प्रत्येकापुढे आदल्या वर्षातली २,००० घातक अ‍ॅप ठेवली. त्यातली निदान तीस टक्के पकडून निरपराधांना न छळणारी निघाली ८०. तीस टक्के! आपल्याकडे पस्तीसला पास करतात आणि त्यावरही लोक नाकं मुरडतात. नापासांची पद्धत तर फारच सुटसुटीत होती. काही अ‍ॅप आत डोकावतच नव्हती. त्यांच्याकडे भल्या नावांची एक यादी. यादीत नाव असेल तर सज्जन, नसेल तर दरोडेखोर. नावाची सुरुवात एखाद्या बड्या कंपनीसारखी असली तरी चालायचं, म्हणजे चोराने फक्त आडनाव चांगलं घ्यायचं. आणि यातल्या काहींचे कर्ते त्या यादीत स्वतःच्याच अ‍ॅपचं नाव घालायला विसरले होते. त्यामुळे त्या अ‍ॅपनी इमानेइतबारे फोन तपासला आणि स्वतःलाच घातक ठरवलं. इतका निःस्पृह तपासनीस सरकारदरबारीही सापडायचा नाही. वाईट इतकंच की तिथे टिक लाल झाली, आणि आयुष्यातला एकमेव खरा निष्कर्ष काढल्याबद्दल बिचाऱ्यांवर नापासाचा शिक्का बसला.

चाचणी म्हणजे काय, हे मोहाडी-खेडगावच्या बागायतदाराला कोणी शिकवायला नको. द्राक्ष युरोपला जायचं असेल तर नमुन्याचे घड तो स्वतः निवडून नेत नाही. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन काढतो. माल ज्याचा, अहवाल त्याचा नसतो. शिवाय अहवाल स्वच्छ आला म्हणजे माल स्वच्छ, असंही नसतं, हे तो २०१० साली पैसे मोजून शिकलाय. तेव्हा क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागेत फवारायचे ते सीसीसी, आपल्याकडच्या तपासायच्या यादीतच नव्हतं. इथले अहवाल निर्दोष आणि तिकडे युरोपात कंटेनर अडकलेले. यंत्रात दोष नव्हता. जे विचारलं नाही, ते त्याने सांगितलं नाही. अँटिव्हायरसचंही बरंचसं काम असंच ओळखीच्या यादीवर चालतं. आज सकाळी तयार झालेली ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘ई-चलान’ नावाची एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर दुपारी येते, तेव्हा ती यादीत असेलच कशी?

यावर जाणकार सांगतील की घरबसल्या परीक्षा घेता येते. ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. ती दिसली की ओरडायचं, असं बहुतेक अँटिव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलेलं आहे. ठीक. पण त्यातून पहारेकरी जागा आहे एवढंच कळतं. चोर ओळखतो की नाही, ते कळत नाही. दुसरा आक्षेप: चांगली अ‍ॅपही आहेतच की. आहेत, २०१९च्या त्याच चाचणीत ती दिसली. पण ढाल त्यांचीही तीच आणि टिकही तितकीच हिरवी. गिऱ्हाइकाने कशावरून निवडायचं?

आणि ‘काही नसण्यापेक्षा काहीतरी बरं’ म्हणणाऱ्यांचा मात्र खरोखर राग येतो. हे ‘काहीतरी’ फुकट बसत नाही. ते तुमचे फोटो, फाइली बघायची परवानगी मागतं, बॅटरी खातं, मध्येच जाहिरात दाखवतं. सगळ्यात वाईट म्हणजे धीर देतं. फोन स्वतःहून विचारत असतो, ही फाइल अनोळखी ठिकाणची आहे, टाकू का? टिक पाहिलेला माणूस बिनधास्त ‘टाक’ म्हणतो. खातं रिकामं झालं की त्याला सायबर जागरूकतेचं पत्रक मिळतं: अनोळखी लिंक उघडू नका. अरे, पत्रिका पाठवणारा नंबर भाच्याचा होता, भाच्याचाच फोन आधी गेला होता, तर अनोळखी कोण? स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षांनी सुरक्षा-अपडेट येईनासे होतात, त्याबद्दल कोणाला पत्रक द्यायचं सुचत नाही. फोन विकणाऱ्याने अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते खोक्यावर ठळक छापावं, कीटकनाशकाच्या बाटलीवर छापतात तसं. मग ढालीचे पैसे मागा.