गुण्या खिशात बाळगणारे गृहस्थ

हौशी सुतारांतली ही जात ओळखायला फार वेळ लागत नाही. लग्नाच्या पंगतीत पान वाढून व्हायच्या आत हे गृहस्थ खिशातून चार इंची गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, काढतात, टेबलाच्या कोपऱ्याला लावतात, एक डोळा मिटून फटीतला उजेड पाहतात आणि शेजारच्याला सांगतात, "नव्वद नाही." दवाखान्यात औषधांच्या कपाटाला गुण्या, नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटात दाराच्या चौकटीला गुण्या, सत्यनारायणाला चौरंगाला गुण्या, तोही गुरुजी संकल्प सांगत असताना. यांना कित्येक पावसाळे एक जॉइंटर घ्यायचा आहे. आपल्याकडचे सुतार ज्याला सरफेस प्लेनर म्हणतात, त्याचं हे धाकटं, टेबलावर मावणारं भावंड. माहितीपत्रकं जमली आहेत, तुलनेचे तक्ते झाले आहेत; यंत्राचा मात्र पत्ता नाही.

तरीही त्यांना हसण्यापूर्वी एक मान्य करायला हवं : जॉइंटर हवा, या मूळ मुद्द्यात ते चूक नाहीत. "एक थिकनेस प्लेनर घ्या आणि सुटा," असं सुचवणाऱ्यांना त्या यंत्राचा स्वभाव ठाऊक नसतो. त्याचे रूळ बाक आलेली फळी दाबून तेवढ्यापुरती सरळ करतात, पाती वरून फिरतात, आणि फळी पलीकडे सुटली की पुन्हा होती तशी वाकते. जाडी सगळीकडे सारखी, फळी वाकडीच. आधी एक बाजू सपाट, मग तिला काटकोनात एक कड, हे काम जॉइंटरचं, जाडी त्यानंतर. फळीखाली पाचरी देऊन ती सपाट पाटावर घट्ट बसवली तर थिकनेसरमधूनही एक बाजू सपाट निघते, हे खरं. पण कडेचं काय? दुसरा आक्षेप जुन्या मंडळींचा असतो : पूर्वीचे सुतार हे सगळं हातरंध्यानं करत. करत होतेच. पण त्यांच्या हाताला रोजची सवय होती, आणि सागात सिलिका असल्यानं पात्याची धार लवकर जाते. रविवारी सकाळी रंधा हाती घेणाऱ्याची दुपार धार लावण्यातच जाते. तेव्हा यंत्र हवं, इथवर गृहस्थांशी वाद नाही.

वाद सुरू होतो तो बेडच्या, म्हणजे फळी सरकवायच्या सपाट टेबलाच्या, लांबीवरून. साधारण नियम असा की बेडच्या दुपटीपर्यंत लांब फळी नीट सरळ होते. टेबलावरच्या सहा इंची जॉइंटरचा बेड तीस इंचांच्या आसपास असतो, म्हणजे पाच फुटांची फळी. गृहस्थ इथे अडतात. "उद्या सात फुटी दार करायचं झालं तर?" दार करायचं कुणी सांगितलेलं नसतं. आजवर झालंय काय, तर दोन पाट आणि एक देव्हारा. पण उद्यासाठी त्यांना सहा फुटी बेडचं, बिडाचं, अवजड यंत्र खुणावतं. "बेड नंतर वाढवता येत नाही," हा त्यांचा बिनतोड मुद्दा. बिनतोड आहेही, फक्त खोलीही नंतर वाढवता येत नाही. फळी पात्यावरून जाते तेव्हा आधी ती सगळी अलीकडे असते आणि शेवटी सगळी पलीकडे. पाच फुटी फळीला सरळ रेषेत दहा फूट हवेत, सात फुटीला चौदा. गृहस्थांची कार्यशाळा आठ बाय दहाची. यंत्र दाराच्या रेषेत ठेवून फळी जिन्यात काढायची सोय आहे म्हणा, पण मग समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावरची पाटी तेवढी सांभाळावी लागेल. गावभर गुण्या लावत फिरणाऱ्या माणसानं स्वतःच्या खोलीला कधी टेप लावलेली नसते!

एकदा लांबीचा हट्ट सुटला की बाकीची निवड अवघड नाही, आणि तिथे त्यांचा गुण्या खरोखर कामाला येतो. छोट्या यंत्रांचा फेन्स, म्हणजे फळी टेकवायचा उभा आधार, अनेकदा हलक्या अॅल्युमिनियमचा असतो. नुसता गुण्या लावला तर नव्वद दाखवतो, पण फळी दाबावी तसा हातानं दाबला की मागे झुकतो. म्हणून दाबूनच पाहावा. पात्यापलीकडचं आउटफीड टेबल पात्याच्या सर्वोच्च टोकाशी समपातळीत हवं. खाली राहिलं तर फळीच्या शेवटी खळगा पडतो. सर्पिल कटरमधल्या कार्बाइडच्या चौकोनी पात्यांना चार धारा असतात, आणि ती सरळ पात्यांपेक्षा कमी आवाज करतात. सोसायटीत राहणाऱ्यानं त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. आणि फूटभरापेक्षा आखूड तुकडा या यंत्रावर घालू नये, बोटं दहाच असतात.

मग हे गृहस्थ घेत का नाहीत? पैसे हे कारण नसतं. माळ्यावर पाहावं. तिथे पाडलेल्या वाड्याच्या सागाच्या चार फळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असतात. दर दिवाळीला त्या खाली येतात, चुंबक फिरवून जुने खिळे शोधले जातात, कारण खिळा लागला तर पाती बाद. मग त्या पुन्हा वर जातात. यंत्र आलं की पहिली फळी हीच लागणार आणि तिच्यावर काळानं चढवलेला काळपट तपकिरी थर पहिल्याच फेरीत भुशात जाणार. शोध चालू आहे तोवर फळ्या शाबूत आहेत. शिवाय डगमगत्या टेबलाखाली कागदाची घडी सारून गप्प बसणाऱ्या आपल्या जगात, टेबल चुकलंय असं तोंडावर सांगणारा हा एकच माणूस उरलाय, हेही नाइलाजानं कबूल करावं लागतं. असे कुणी तुमच्या इमारतीत असतील तर त्यांना यंत्राबद्दल विचारू नका. दोन फुटी चौरंग करून मागा. त्याला तीस इंची बेड पुरतो आणि आठ बाय दहाची खोलीही.