सात रंग, अर्धा श्वास

पेरूला जाणारा मराठी पर्यटक हल्ली माचू पिचूवर समाधान मानत नाही. त्याला ‘तो रंगीत डोंगर’ही हवा असतो. डोंगराचं नाव विनिकुंका. फोनवर पाहिलेला असतो तेव्हा लाल, पिवळे, हिरवे, गुलाबी पट्टे असे काही झळकत असतात, की आदल्या रात्री कुणीतरी डबा-ब्रश घेऊन गेलं असावं. लोखंडाच्या गंजाने लाल, क्लोराइटने हिरवा, अशी ही खनिजांची कमाई लाखो वर्षांपासून तिथे पडून आहे. पण 2015 च्या सुमारापर्यंत तिथे फारसं कुणी फिरकत नव्हतं. डोंगर तयारच होता. फोनमधला फिल्टर तेवढा यायचा होता.

सहल एका दिवसाची. पहाटे तीन-चारला कुस्को शहरातल्या हॉटेलवर गाडी, वाटेत नाश्ता, मग चढाई, संध्याकाळी परत. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘सोपा ते मध्यम’. हे वाचून आपला सह्याद्रीवाला खूश. ‘कळसूबाई तीनदा केलंय!’ बरोबर आहे. पण 1,646 मीटरच्या तीन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या, तरी माथ्यावरच्या पाटीवरचा 5,036 हा आकडा गाठायला शंभरेक मीटर कमीच पडतात. गाडी तुम्हाला जिथे उतरवते, तीच जागा साडेचार हजार मीटरच्या वर. म्हणजे ‘सोपा’ भाग गाडीने केला, ‘मध्यम’ तुमच्या फुफ्फुसांनी करायचा.

इथे हवेत प्राणवायूचं प्रमाण बदलत नाही. हवेचा दाबच खाली येतो, समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्यावर. खात्री करायची असेल तर घरून आणलेलं भडंगाचं पाकीट बघा. ते टम्म फुगलेलं असतं आणि त्याचा मालक पिचका पडलेला. मालकाला बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. त्याच वेळी टायरच्या चपला घातलेली, घेरदार घागरा नेसलेली एखादी स्थानिक केचुआ बाई घोड्याचा लगाम धरून शेजारून चढत जाते, वर जाताजाता मैत्रिणीशी गप्पाही मारते. घोडा भाड्याने मिळतो, पण शेवटच्या खड्या चढाआधी तो थांबतो. तिथून पुढे ‘अजून थोडंच’ एवढ्यावर भागवायचं. हे वाक्य जगातल्या सगळ्या गाइडांना पाठ असतं आणि ते सगळीकडे तितकंच खोटं असतं.

वर पोचल्यावर रांग. आधी पाटीबरोबर फोटो, मग चष्मा घातलेल्या अल्पाकाबरोबर, मग डोंगराकडे पाठ करून डोंगराबरोबर. आभाळ भरलेलं असेल तर रंग मळकट दिसतात, बर्फ पडला असेल तर दिसतच नाहीत. मग गाइडवर राग. फसवलं ते फोटोने, पण खुलासा मागायचा तो चिखलात उभ्या असलेल्या माणसाकडून. आणि डोकं ठणकत असलं तरी इतक्या लांबून येऊन खाली उतरायचं कसं, हा हिशेब असतोच. विमानाच्या तिकिटाची किंमत मेंदूला ठाऊक नसते. त्याला सूज येते, ती फुकट येते.

आता ‘पर्यटकांनी डोंगराची वाट लावली’ असा उसासा टाकणं सोपं. वाट लागली आहेच. पायवाट झिजून खोल गेली, पाणथळ जागेवर, जिथे बदकं उतरायची, तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. पण प्रवेशाच्या पैशांतून आणि घोड्यांच्या भाड्यातून स्थानिक समाजाच्या हाती पैसा आला, आणि खाणीकडे कामाला जाणारी पोरं गावात थांबली. 2018 मध्ये एका कॅनडाच्या कंपनीने इथल्या खाणकामाचे हक्क घेतले होते. बोभाटा झाल्यावर सोडून दिले. तो बोभाटा डोंगर प्रसिद्ध होता म्हणून झाला. ज्या सेल्फीला आपण नावं ठेवतो, तिने डोंगर पोखरणाऱ्यांना अडवलं, हे कबूल करायला थोडं जिवावर येतं.

तेव्हा टीका डोंगरावर नको, घोडेवाल्यावर नको. ती ‘एका दिवसात’वर करा. लिमाला उतरायचं, दुसऱ्या दिवशी 3,400 मीटरवरच्या कुस्कोत, तिसऱ्या पहाटे पाच हजारांवर, ही सहल शरीराला विचारून आखलेली नसते. सुट्टीच्या अर्जाला विचारून आखलेली असते.

जायचंच असेल तर कुस्कोत आधी दोन-तीन रात्री काढा. पायऱ्या सावकाश चढा, दारू टाळा, उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी आपल्याकडच्या डॉक्टरांना विचारा. कोकाच्या पानांचा चहा तिथे बिनधास्त प्या, पण पाकिटं मुंबईला आणू नका. कोकाचं पान आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. घोड्याच्या भाड्यावरून घासाघीस करू नका. त्या घोड्यामागे जे चालतंय ते माणूस आहे. आणि डोकं दुखायला लागलं, चालताना तोल जायला लागला, तर फोटोच्या रांगेत उभे न राहता मागे वळा. खाली उतरणं हाच पहिला उपाय, आणि तो कुठल्याच पॅकेजमध्ये वेगळा लिहिलेला नसतो.