पोहणे, पोहे आणि कार्ब

आमच्या टँकच्या फाटकाबाहेर सकाळी सव्वासहाला पोह्यांची गाडी लागते. फाटकाच्या आत जे चालतं ते पोहणं, बाहेर जे मिळतात ते पोहे. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाचा घात मराठी भाषेने इतक्या आधीपासून करून ठेवलाय, की आता बिचाऱ्या गाडीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मी या फाटकातून आत जायला लागलो त्याला तीन महिने झाले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्म्यावरून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि दोन वाक्यं बोलले. एक, गुडघे कुरकुरतात तर धावण्याच्या भानगडीत पडू नका, पोहा. दोन, कार्ब कमी करा. फी ५०० रुपये, म्हणजे वाक्याला अडीचशे. पहिलं वाक्य घरच्यांना लगेच कळलं. दुसऱ्यावर बैठक बसली.

आईच्या मते कार्ब म्हणजे मैदा. बायकोच्या मते, मी रात्री दहानंतर फ्रीज उघडून जे काही उभ्या उभ्या खातो ते. मुलीने मोबाईलमध्ये बघून जाहीर केलं की भात, पोळी, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ, पोहे, उपमा, सगळंच कार्ब. घरात सुतकी शांतता पसरली.

"मग जेवायचं काय?" आईने विचारलं.

"भाजी आणि आमटी."

"कशाशी?"

या एका "कशाशी"पुढे भलेभले आहारतज्ज्ञ हात टेकतील. आपल्याकडे भाजी ही स्वतंत्र वस्तू नसतेच. ती कशाशी तरी असते.

मग कुणीतरी भाकरीचं नाव काढलं. भाकरी म्हणजे पथ्य, ही आपली जुनी श्रद्धा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात आणि १०० ग्रॅम कणकेतही साधारण तेवढेच. ज्वारीचे बाकीचे गुण मान्य आहेत, पण दोन पोळ्या सोडून अडीच भाकऱ्या हाणायच्या आणि वर "हल्ली मी गहू बंद केलाय" म्हणून सांगत फिरायचं, याला पथ्य म्हणत नाहीत. उपासाबद्दल तर बोलूच नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, जोडीला वरीचा भात, वर रताळ्याचा कीस. देवाच्या नावाने आपण महिन्यातून दोनदा कार्बचा नैवेद्य स्वतःलाच दाखवतो. (आईने एकादशी सोडणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. आणि तिला एकटीपुरती खिचडी करता येत नाही.)

तर टँक. आमची बॅच पाऊण तासाची. तिचा हिशेब मी एकदा भिंतीवरच्या घड्याळावर मांडला. शॉवर ५ मिनिटं. टोपी चढवणं ३ मिनिटं. टक्कल असलं तरी टोपी सक्तीची आहे. पायरीवर बसून पाय बुडवत "आज पाणी गार आहे" असं म्हणणं ७ मिनिटं. हे वाक्य मे महिन्यातही म्हटलं जातं. उथळ बाजूला कठडा धरून चर्चा १९ मिनिटं. उरलेली ११ मिनिटं प्रत्यक्ष हात मारणं. ७५ किलोचा माणूस मध्यम गतीने, न थांबता अर्धा तास पोहला तर सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी जळतात. अकरा मिनिटांच्या किती, हे त्रैराशिक तुम्ही मांडा. माझं वजन ७५ पेक्षा बरंच जास्त आहे, एवढाच दिलासा.

कठड्यावरच्या चर्चेत डाएटचे पंथ आहेत. दीक्षितवाले दिवसातून दोनदाच जेवतात आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपतात. या ५५ मिनिटांत किती मावतं यावर त्यांचं मोठं संशोधन आहे. दिवेकरवाले भातावर तूप ओढतात आणि आजीने खाल्लं ते खावं म्हणतात. आजी विहिरीवरून पाणी ओढायची, हा मुद्दा काढला की ते सूर मारून खोल बाजूला निघून जातात. आणि तिसरा पंथ एकट्याचाच. आयटीतला तरुण मुलगा, कीटोवाला. दिवसाला २० ते ५० ग्रॅम कार्ब, बाकी तूप, चीज, अंडी. फ्लॉवर किसून परततो आणि त्याला भात म्हणतो. पहिल्या दोन पंथांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालंय: तो भात नव्हे.

पण या पोराचं पहिल्या आठवड्यात तीन किलो वजन उतरलं! आठवडाभर तो टँकवर नवरदेवासारखा वावरला. सगळे त्याच्याकडे चीजचा भाव विचारायला लागले. खरी गोष्ट अशी की, शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब तोडले की साठा उपसला जातो आणि पाणी बाहेर पडतं. म्हणजे त्या तीन किलोंत बरंचसं पाणीच होतं. हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि "काका, तुमचं पाणी कधी जाणार?" असं विचारलं. तरुण पिढीशी वाद घालू नये.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी शिट्टी मारली आणि जोरात चार लेंग्थ मारायला सांगितल्या. जोर काढायचा तर तोच ग्लायकोजेन लागतो. पठ्ठ्याने तो चीजशी बदलून टाकला होता. दुसऱ्या लेंग्थला हात गळाले. तिसरीत पोटरीत गोळा आला. कार्ब तोडले की इन्सुलिन उतरतं, मग मूत्रपिंडं मीठही जास्त सोडतात. हे सगळं तो आम्हाला कठड्यावर शिकवायचा, पण स्वतः चिमूटभर मीठ जास्त घ्यायला विसरला होता. जीवरक्षकाने बांबू पुढे केला आणि त्याला काठाला ओढलं. तीनही पंथ, म्हणजे आता दोनच, एका सुरात ओरडले, "लिंबूसरबत द्या त्याला!" तो पालथा पडलेला, ओठ पांढरे. त्याने एक बोट वर केलं.

"साखर नको."

जीवरक्षक खेड्यातला पोरगा. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकलून दिल्यावर जे पोहणं येतं, ते त्याचं पोहणं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही बुडत होता."

कार्ब तोडण्याचा हा सगळा प्रकार आपल्याच पिढीने शोधला, असं कठड्यावर अनेकांना वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा गृहस्थ होता. धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा, गिऱ्हाईक थेट राजघराण्यातलं. उंची सव्वापाच फुटांच्या वर, वजन ९० किलोंच्या पुढे. शवपेट्यांची मापं घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःचं माप कळायला वेळ लागला नसणार. वैद्यांनी व्यायाम सांगितला, म्हणून तो रोज सकाळी दोन तास होडी वल्हवू लागला. दंडात ताकद आली आणि तिच्याबरोबर अशी भूक आली की वजन वाढलं! पुढे ऐकू कमी यायला लागलं म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे, हार्वीकडे, गेला. कानाच्या डॉक्टरने पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद करायला सांगितली. वर्षभरात २० किलोंच्या आसपास वजन उतरलं. १८६३ मध्ये त्याने त्यावर पुस्तिका काढली आणि ती इतकी खपली की त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही त्याच शब्दाने ओळखतात. म्हणजे कमी कार्बने वजन उतरतं, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार होडीबद्दल आहे. गार पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला जी भूक लागते, ती फ्लॉवरवर भागणारी नसते.

शिवाय पाण्याचा न्यायच निराळा. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून लठ्ठ माणूस मजेत तरंगतो आणि काटक माणूस पाय मारत राहतो. इंग्लिश खाडी पोहणारे कितीतरी जण आधी मुद्दाम वजन वाढवतात, गारठ्याला पांघरूण म्हणून. त्या दृष्टीने आमच्या बॅचची तयारी कधीच पूर्ण झालेली आहे. खाडीपर्यंत न्यायचं तेवढं कुणीतरी मनावर घ्यावं.

टँकच्या भिंतीवर पाटी आहे: खाऊन लगेच पाण्यात उतरू नये. पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच खाऊ नये, असं पाटीवर कुठेही नाही. मी दोनदा वाचली.

सात वाजता केस पुसत सगळे पंथ फाटकाबाहेर येतात. दीक्षितवाल्यांचं हे पहिलं जेवण असतं, त्यामुळे ते दोन प्लेटी घेतात. दिवेकरवाल्यांना पोहे आजीपासून मान्य आहेत. कीटोवाला अजून ठाम आहे, हे त्याचं मोठेपण. तो पोहे घेत नाही. कागदावर नुसते शेंगदाणे आणि वर ओलं खोबरं मागतो. गाडीवाला त्याला पोह्यांपेक्षा दहा रुपये जास्त लावतो, आणि शेंगदाणे त्याने आमच्या पोह्यांतून वेचलेले असतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

तीन महिन्यांत माझं वजन ६०० ग्रॅमनी उतरलं. त्या दिवशी काट्यावर मी टॉवेल गुंडाळलेला नव्हता, हेही सांगून टाकतो.

ता. क. साफसफाईसाठी सोमवारी टँक बंद असतो. गाडी चालू असते.